कॉमन एमिटर (ट्रान्झिस्टरच्या) अँप्लिफायरचा इनपुट, आउटपुट इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) मल्टिमीटरने थेट मोजता येईल का?

नाही. ओहम रेंजवर मीटर स्वतःचा डीसी करंट सोडतो आणि कपलिंग कपॅसिटर (इनपुट-आउटपुटवरचा, फक्त एसी जाऊ देणारा) तो अडवतो. कपॅसिटरच्या आतल्या, सर्किटकडच्या बाजूला प्रोब टोचलंत तर बायसच (ट्रान्झिस्टरचं ठरवलेलं डीसी व्होल्टेज-करंट) हलतो. मोजमाप एसी सिग्नलवरच करा.

इनपुटसाठी जनरेटर आणि सर्किट यांच्यात 10 किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा, 1 किलोहर्ट्झचा सिग्नल द्या. स्कोप (ऑसिलोस्कोप) मात्र आउटपुटवर ठेवा, म्हणजे प्रोबचा भार इनपुटवर पडत नाही. रेझिस्टर शॉर्ट केल्यावर आउटपुट 2 व्होल्ट आणि शॉर्ट काढल्यावर 0.5 व्होल्ट आलं, तर 10 × 0.5 ÷ (2 − 0.5), म्हणजे सुमारे 3.3 किलोओहम. दोन्ही वेळा साइन वेव्ह स्वच्छ हवी; माथा जरा जरी कापला गेला तरी आकडा खोटा.

आउटपुटला आधी लोडशिवाय व्होल्टेज घ्या, मग आउटपुट कपॅसिटरच्या पुढे 10 किलोओहमचा लोड (रेझिस्टर) लावा. 2 चे 1.38 व्होल्ट झाले तर 10 × (2 ÷ 1.38 − 1), साधारण 4.5 किलोओहम. कलेक्टर रेझिस्टर 4.7 किलोओहमचा असेल तर हे अगदी रास्त आहे.

एफईटी (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटचा इम्पिडन्स फार मोठा, म्हणून तिथे सिरीज रेझिस्टर 1 मेगाओहमचा लागतो. तिथे 10 पिकोफॅरड स्ट्रे कपॅसिटन्ससुद्धा (तारा-जोडण्यांमधला नकोसा कपॅसिटन्स) 16 किलोहर्ट्झच्या आसपास सिग्नल खाऊ लागतो, म्हणून 100 हर्ट्झवर मोजा.