छपराखाली गाड्या लावताय? आधी वर बघा

तुमचा प्रश्न असा : गणपतीत सोसायटीचा आनंदमेळा आहे, पाऊस असणार म्हणून स्टिल्टखाली (इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये) आणि पुढे ताडपत्रीच्या मांडवात वडापाव, डोसा, चायनीज अशा सहा गाड्या लावायच्या आहेत, प्रत्येक गाडीजवळ वाळूची बादली ठेवली की पुरे ना?

नाही, पुरे नाही. वीसेक वर्षं मुंबईत केटरिंग करतोय, आणि असल्या मेळ्यांत मला सगळ्यात जास्त भीती छपराची वाटते. छप्पर खाणाऱ्यांच्या डोक्यावर असू द्या. चूल त्याच्या बाहेर काढा.

उघड्यावर कढईतून भडका उठला तर तो वर जाऊन विरतो. ताडपत्रीखाली तोच भडका छताला लागतो. शिवाय ताडपत्री वितळते आणि तिचे पेटते थेंब खाली गळतात. मुलुंडच्या एका मेळ्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चायनीजवाल्याचा भडका रोजचाच होता, पण त्या दिवशी कढईच्या चार-पाच फूट वर निळी ताडपत्री होती. नूडल्सच्या रांगेतल्या एका मुलाचा हात भाजला. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या पबला लागलेली आग अशाच ज्वलनशील आच्छादनामुळे झपाट्याने पसरली आणि १४ जीव गेले. त्यांतले बरेच धुरात गुदमरले.

म्हणून कढई आणि भट्टीच्या गाड्या मांडवाच्या कडेला, तोंड बाहेर करून लावा. पावसासाठी त्यांच्यावर पत्रा टाका, तोही उंच आणि चारही बाजू मोकळ्या ठेवून. पडदे, थर्माकोल, कागदी पताका त्या बाजूला नकोतच. भेळ, शेवपुरी, सरबत यांना आच लागत नाही. ते खुशाल आत बसवा.

स्टिल्टचा स्लॅब जळणार नाही, पण तिथे गॅसची वेगळी भानगड आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत पसरतो, गटारात, लिफ्टच्या खड्ड्यात, बेसमेंटच्या उतारावरून खाली जाऊन साचतो, आणि ठिणगी दूरवर कुठेतरी मिळते. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्याच्या एका छोट्या हॉटेलात सिलिंडरच्या आगीत आठ जण गेले. तुमच्याकडे बेसमेंट असेल तर स्टिल्टखाली एकही सिलिंडर नको, या एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करणार नाही.

सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच हवा, घरचा १४.२ किलोचा धंद्याला वापरणं नियमाबाहेर आहे. तो उभा ठेवा, आडवा कधीच नाही. नळी आयएसआय मार्कची, चाकाखाली न चेपलेली, चिरा नसलेली. जोडणीवर साबणाचा फेस लावून बघा. काडी ओढून गळती तपासणारे अजूनही भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा. भरलेला जादा सिलिंडर गाडीखाली नको, आणि शेजारी चूल पेटती असताना सिलिंडर बदलायचा नाही.

आता तुमची वाळू. जमिनीवर सांडलेल्या पेटत्या तेलावर ती चालते, कढईत ओतली तर तेल उडतं. पाणी तर त्याहून वाईट, त्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चौफेर उधळतं. आधी गॅस बंद, मग घट्ट बसणारं झाकण. ते झाकण प्रत्येक कढईच्या हाताशी आहे ना, हे सुरू होण्याआधी स्वतः बघा. गाडीमागे एक एबीसी पावडरचा (घन वस्तू, तेल, गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा) अग्निशामक ठेवा, काटा हिरव्या पट्ट्यात हवा. तळणाच्या गाडीला वेट केमिकलचा, म्हणजे खास तळणाच्या तेलाच्या आगीसाठीचा, मिळाला तर उत्तम. अग्निशामक कढईला चिकटून टांगू नका, आग लागल्यावर हात पोचणार नाही.

‘गाडीवाला बघेल’ असं कमिटीने म्हणू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीतल्या अग्निसुरक्षा यंत्रणेची जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची असते, आणि ती चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. जुलैचं घेतलंय का ते आजच पाहा. मांडवाची परवानगी वॉर्ड ऑफिसातून घेताना गॅसवर स्वयंपाक होणार हे लपवू नका.

आणि बंबाची वाट. गेटपासून इमारतीपर्यंतच्या रस्त्यावर गाडी, टेबल, पार्क केलेली स्कूटर, काहीही नको. मेळ्याच्या दुपारी एकाला गेटपासून आत चालत पाठवा. जिथे त्याला वळसा घ्यावा लागेल तिथलं सामान लगेच हलवा. १०१ ला फोन कोण करणार, तेही त्याच वेळी ठरवून टाका.