कंबरदुखीचा पेशंट समोर बसला की

बाळ,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. रोज दहा-पंधरा कंबरदुखीवाले येतात, सगळ्यांना तेच दुखणं थांबवायचं डायक्लोचं इंजेक्शन, तोच पट्टा, आणि घरी गेल्यावर वाटतं आपण काहीच केलं नाही, असं लिहिलंयस. तुला हे पहिल्याच वर्षी वाटलं ते फार बरं झालं, मला कळायला एक माणूस अंथरुणाला खिळावा लागला.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल होता, चाळिशीतला. एमआरआय काढूनच आला होता. दवाखान्यात गर्दी, मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली, दोन ठिकाणी डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, असं लिहिलेलं, आणि त्याला सांगून टाकलं की मणक्यात गॅप पडलाय, नस दबतीय, आता ओझं बंद. तो जो घरी बसला तो दीड वर्ष. पट्टा झोपतानाही सोडायचा नाही, खाली पडलेला टॉवेल उचलायला बायकोला हाक मारायचा, पोराची शाळा सुटायची वेळ आली. शेवटी एकदा घरी जाऊन त्याला नीट तपासलं, तर पायात ताकद पूर्ण, हातोडीनं ठोकल्यावर येणारा झटका म्हणजे रिफ्लेक्स व्यवस्थित, पाय सरळ वर उचलला तरी कळ नाही. दीड वर्ष त्याची कंबर माझ्या त्या एका वाक्यानं धरली होती.

आणि ते वाक्यही चूकच होतं. 2015 साली एक मोठा आढावा छापून आला, ज्यांचं काहीच दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा. विशीतल्या 30 टक्के लोकांत डिस्क बल्ज, चाळिशीत निम्म्या लोकांत, ऐंशीत 84 टक्के. केस पिकतात तशी डिस्क वाळते. म्हणून 'गॅप', 'झीज', 'नस दबली' हे शब्द तोंडातून काढताना दहादा विचार कर, पेशंट औषधाचं नाव विसरतो पण हे शब्द जन्मभर सांभाळतो.

आता तपासायचं कसं ते सांगतो, यात हयगय करू नकोस. खुर्चीतून उठताना, चपला काढताना बघ. चवड्यावर चालव, टाचेवर चालव, अंगठा वर ओढायला सांगून त्यावर जोर दे, गुडघ्याचा आणि टाचेचा रिफ्लेक्स बघ, झोपवून पाय सरळ उचल. चार मिनिटं लागतात. आणि ती चार मिनिटं पेशंटला 'डॉक्टरांनी हात लावून बघितलं' असं वाटतं, त्यानं निम्मी भीती तिथंच उतरते.

बायका लाजतात म्हणून एक प्रश्न राहून जातो, तो तू तर विचारच: लघवी अडते का, झाल्याचं कळतं का, बसायच्या जागी बधीर वाटतं का? यातलं काही असेल किंवा दोन्ही पायांतली ताकद चालली असेल तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी मिरजेला सर्जनकडे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, आधी झालेला कॅन्सर, स्टेरॉइड घेणारी म्हातारी पाय घसरून पडलेली, इथं मात्र मणक्याचा फोटो, रक्ताची तपासणी सगळं लगेच. मणक्याचा टीबी आपल्याकडं आहे, एका बाईचा मी दोन महिने साधी कंबरदुखी म्हणून ओढला, ताप विचारलाच नव्हता. बाकी दहातल्या नऊ जणांत असं काही एक कारण सापडत नाही आणि त्यांना फोटोची गरजही नसते.

औषधाचं थोडक्यात. दुखणं कमी करायची गोळी थोडे दिवस, जेवणावर, बीपी-किडनी-अल्सर विचारून. इंजेक्शननं कंबर लवकर बरी होत नाही. ऑस्ट्रेलियात 1,652 पेशंटवर पॅरासिटामॉल तपासलं होतं, 2014 मध्ये छापलंय, गोळीवाले 17 दिवसांत बरे आणि आत औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी घेतलेले 16 दिवसांत! म्हणजे उसण भरलेली कंबर बहुतेकांची आपणहून सुटते, आपण फक्त घाबरवायचं नाही आणि झोपवून ठेवायचं नाही. जुनाट कंबरदुखीला पट्टा आणि वजनं लावून ओढणं सरसकट देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या मार्गदर्शनात सांगितलंय, समजावणं आणि व्यायाम पुढं ठेवलाय. कंबर बरी झालेल्यांना चालायला लावलं तर दुखणं परत यायला जवळपास दुप्पट दिवस जातात, हे 2024 च्या अभ्यासात दिसलं. आपल्या माणसाला जिम सांगून उपयोग नाही, कॅनॉलच्या रस्त्यानं सकाळी दहा मिनिटं, आठवड्यानं पंधरा, असं सांग.

'आराम करा' हे तर लिहूच नकोस. तासगावची द्राक्षाच्या मजुरीची बाई सीझनमध्ये आराम कसा करणार, खाडा झाला की हजेरी बुडते. तिला विचार काम काय करतेस. मांडवाखाली दिवसभर मान-हात वर करून घड विरळणी करते की खाली बसून पॅकिंग? मग सांग की आठ दिवस मुकादमाला सांगून काम आलटून पालटून घे, तासाला उठून चार पावलं चाल, क्रेट दोघींनी उचला. ऊसतोडीतल्या माणसाला मोळी थोडे दिवस लहान बांध म्हण. आणि आठवड्यानं परत बोलव, फी न घेता बोलव, कारण सहा आठवड्यांनंतरही जो अडकलेला असतो त्याच्या मागं बहुतेकदा झोप नसते, कर्ज असतं, घरात काहीतरी चाललेलं असतं, ते पहिल्या भेटीत कुणी बोलत नाही.

एक दोनशे पानी वही कर. कंबरेचा प्रत्येक पेशंट, पाय तपासला का, फोटोला पाठवला का आणि का, इंजेक्शन दिलं का, कामावर कितव्या दिवशी गेला. महिनाभर खरं खरं लिही, मला दाखवायचंय म्हणून नीटनेटकं करू नकोस. पुढच्या महिन्यात रविवारी घरी ये, वही घेऊन, काकू थालीपीठ करणार आहे. तो हमाल आता यार्डातच तोलाईच्या कामावर आहे, अधूनमधून पोतंही उचलतो. त्याला पण बोलवतो, त्याच्या तोंडून ऐक.

तुझा,
सर