पीएनजी १२ केबीची आहे, तरी एलव्हीजीएलमध्ये रॅम का संपते?

तुमचा प्रश्न असा: ईएसपी३२ या छोट्या चिपच्या बोर्डवर एलव्हीजीएल (पडद्यावर चित्रं-अक्षरं काढणारी लायब्ररी) वापरून ३२० × २४० ठिपक्यांचं चित्र दाखवायचंय, पीएनजी एसडी कार्डवर आहे, फाइल जेमतेम १२ केबीची, तरी पडद्यावर चित्राऐवजी 'नो डेटा' येतं. पीएसरॅमवाला, म्हणजे जादा रॅम जोडलेला, बोर्ड घेऊ का?

नका घेऊ. फाइल १२ केबीची असली तरी पीएनजी उलगडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट लागतात. ३२० × २४० × ४ म्हणजे ३,०७,२०० बाइट, आणि उलगडताना लागणारी जागा वेगळी. ईएसपी३२ च्या माहितीपत्रकात रॅमचे ५२० केबी लिहिलेले असतात, पण चालू प्रोग्रॅममध्ये त्यातले ३०० केबी सलग कधीच मिळत नाहीत.

'नो डेटा' हे दोन शब्द वाचले म्हणून लिहायला बसले. या शब्दांनी मला एकदा पहाटे शिरोळ तालुक्यातल्या एका गावाच्या दूध डेअरीत उभं केलं होतं.

आम्ही दूध संकलनाचं यंत्र बनवत होतो. शेतकऱ्याच्या बाजूला छोटा रंगीत पडदा, त्यावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. पडदा मराठीतच हवा हा हट्ट माझा. माझे वडील वीस वर्षं किटली घेऊन अशाच रांगेत उभे राहिले आणि चिठ्ठीवर काय छापलंय ते दरवेळी दुसऱ्याला विचारत राहिले. पण आम्ही वापरत होतो त्या एलव्हीजीएलच्या ८ व्या आवृत्तीत देवनागरीची जोडणी होत नव्हती. फाँट घातला की अक्षरं नुसती एकापुढे एक मांडली जायची. 'लिटर'मधली वेलांटी ल नंतर यायची आणि शब्द 'लटिर' दिसायचा. 'रक्कम'चा क पाय मोडून वेगळा पडायचा. आमचे सिनिअर म्हणाले, "इंग्रजीत लिही, फॅट सगळ्यांना कळतं." मी म्हणाले, शब्दांची चित्रं करू. २६ लेबलं, प्रत्येक १६० × ४८ ची.

इथपर्यंत ठरलं आणि पुढे वाद झाला. मला ती सी ॲरे (कोडमध्येच लिहिलेली आकड्यांची यादी) करून फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवतात त्या मेमरीत, हवी होती. सिनिअरना पीएनजी करून कार्डवर हवी होती, "म्हणजे गिऱ्हाइकाला बदलता येतील." आजतागायत एकाही संस्थेने 'फॅट' हा शब्द बदलून मागितलेला नाही. पण निर्णय त्यांचा झाला.

चिप एसटीएम३२एफ४०७, एलव्हीजीएलला दिलेले ९६ केबी. एक लेबल उलगडलं की ३० केबी, उलगडताना साधारण तेवढेच आणखी. कॅशे (उलगडलेलं चित्र पुन्हा वापरायला जपून ठेवणारी जागा) बंद होता, त्यामुळे प्रत्येक वेळी पडदा रंगताना सगळी लेबलं नव्याने उलगडायची. पडदा पट्ट्यापट्ट्यांनी रंगतो, म्हणून दोन पट्ट्यांवर पसरलेलं लेबल दोनदा. ऑफिसात दहा मिनिटं चालवून पाहिलं, उत्तम चाललं. डेअरीत तासाभराने मेमरीचे तुकडे तुकडे झाले, सलग जागा उरली नाही, आणि 'फॅट' या शब्दाच्या जागी 'नो डेटा' आलं. आकडा शेजारी बरोबर होता. सचिवांनी पडदा वाचून दाखवला, "डेटा नाही म्हणतंय." एक आजी दूध मापात ओतून बसल्या होत्या. "माझ्या दुधाची नोंद झाली न्हाई व्हय?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मागची रांग हलेना. दूध मोजलं गेलं होतं, नोंद झाली होती, पण त्यांनी माझ्या तोंडावर विश्वास का ठेवावा?

परत आल्यावर दोन रात्रींत सगळी लेबलं फक्त अल्फा (ठिपका किती पारदर्शक एवढंच, रंग नाही), ४ बिटची केली. रंग स्टाइलमधून येतो, चित्रात साठवायचं कारणच नाही. एक लेबल ३,८४० बाइट, २६ मिळून ९९,८४०. फ्लॅश १ एमबी होती. रॅममध्ये एका वेळी एका ओळीपुरती जागा लागते. त्यानंतर ते यंत्र त्या कारणाने कधी अडलं नाही. सिनिअर मात्र अजून सांगतात की चिप लहान पडली होती. चिप तीच आहे. म्हणून 'मोठा बोर्ड घ्या' हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही.

तुमच्यासाठी: चित्र पीसीवरच एलव्हीजीएलच्या कन्व्हर्टरमधून आरजीबी५६५ (एका ठिपक्याला २ बाइट) करा. १,५३,६०० बाइट होतील, ४ एमबी फ्लॅशमध्ये सहज बसतील, आणि तिथूनच थेट वाचले जातील. ॲरेला 'कॉन्स्ट' लावलेला आहे ना ते बघा, नाहीतर तो रॅममध्ये जाऊन बसेल आणि तुम्ही पुन्हा बोर्डला दोष द्याल. रंग विचित्र आले तर १६ बिटांच्या बाइटांची अदलाबदल करणारी सेटिंग तपासा. कार्डच वापरायचं असेल तर पीएनजीऐवजी कन्व्हर्टरची बिन फाइल ठेवा, ती ओळीओळीने वाचता येते.

चित्रं खरंच चालू यंत्रात बदलणार असतील, उदाहरणार्थ कॅमेऱ्याचे किंवा सभासदांचे फोटो, तर गोष्ट वेगळी. तिथे पीएसरॅम लागू शकते, किंवा ८ व्या आवृत्तीतलं एसजेपीजी, जे चित्राच्या १६ ओळींच्या पट्ट्या करून उलगडतं. ९ व्या आवृत्तीत फंक्शनांची नावं बदलली आहेत आणि कॅशे चित्रांच्या संख्येत नव्हे, बाइटमध्ये द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

बोर्ड मागवण्याआधी मेमरी मॉनिटर चालवून सर्वांत मोठा सलग रिकामा तुकडा किती उरतो तो आकडा बघा, आणि मला कळवा.