आठ दिवसांत चार बेटं? एकच करा की!

प्रश्न : मी लातूरची, शाळेत शिक्षिका. मी, मिस्टर, दहावीची परीक्षा दिलेला मुलगा आन सासूबाई असे चौघं ग्रीसला जायचं म्हणतोय. ट्रॅव्हलवाल्यानं आठ दिवसांत अथेन्स, मिकोनोस, पारोस, नॅक्सोस, सँटोरिनी असं सगळं बसवून दिलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि आम्ही सगळे शाकाहारी. दिवाळीत जावं का उन्हाळ्याच्या सुट्टीत?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी तो प्लॅन बाजूला ठेवा. चार बेटं म्हणजे चार वेळा बॅगा भरायच्या, बंदरावर जाऊन बसायचं, बोट लेट झाली की पुढचं हॉटेल बोंबललं, आणि सासूबाईंना घेऊन हे करायचं म्हणजे लईच झालं. अथेन्सला दोन रात्री आणि बाकी सगळे दिवस नॅक्सोस, एवढंच करा. सँटोरिनी फोटोत झकास दिसतं, मान्य, पण तिथली गावं कड्यावर वसलेली, जिकडं बघावं तिकडं पायऱ्या, गर्दी आणि भाव चढे. नॅक्सोसला बंदराजवळचा रस्ता सपाट आहे, सेंट जॉर्जचा बीच गावातून चालत जाण्यासारखा, आगिया आना आणि प्लाका बीचला बस जाते. गावातल्या जुन्या किल्ल्याकडं मात्र चढ आहे, तिकडं तुम्ही तिघं जा.

दिवाळीत नको. ऑक्टोबर संपला की बेटांवरची बरीच हॉटेलं बंद होतात, बोटी कमी होतात, पावसाळा पण तिकडं तेव्हाच. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, कधीकधी बोटी रद्द होतात. मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा धरा, शाळा उघडायच्या आत परत याल. समुद्राचं पाणी तेव्हा जरा गार असतं, पण लातूरच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला ते गोडच वाटंल.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि सुट्ट्यांच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून लवकर लागा. फी माणशी ९० युरो, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, शिवाय किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा पाहिजे. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, ट्रॅव्हलवाला कितीही घाई करो.

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते. तिथून मोठ्या जहाजानं नॅक्सोस पाच-साडेपाच तास. हायस्पीड बोट लवकर पोचते पण महाग, आणि वाऱ्यात हेलकावे खाते. आणि एक नक्की करा : परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला येऊन थांबा, बोटीचा काय भरवसा.

जेवणाची काळजी सोडा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास लई असतात म्हणून बिनमांसाच्या भाज्या तिथं घराघरात होतात. लादेरा म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, गिगांतेस म्हणजे वालासारख्या मोठ्या पांढऱ्या बियांची भाजी. फावा तर पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच समजा, फक्त भात मागू नका. भरलेले टोमॅटो मागवताना आत खिमा नाही ना हे विचारा. नॅक्सोसचे बटाटे आणि ग्राविएरा चीज प्रसिद्ध आहे. बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, हे सासूबाईंना आधीच सांगून मग घेऊन चाला. पिण्याचं पाणी बाटलीचंच घ्या, आणि नळाचं जपून वापरा हे २०१६ साली रेल्वेनं पाणी मागवलेल्या लातूरला मी काय सांगणार!

मुलासाठी बंदराजवळचा पोर्तारा, म्हणजे इ.स.पूर्व सहाव्या शतकातल्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा दरवाजा. बेटावरच्या आपोलोनास गावाजवळ खाणीत तसाच सोडलेला दहा मीटरवर लांबीचा दगडी पुतळा आहे, तोही दाखवा. वेरूळ बघितलेल्या पोराला अर्धवट दगडातला माणूस जास्त कळंल. आपल्या पैठण आणि तेरच्या बाजारपेठांची नोंद पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या लिखाणात आहे, तेही जाता जाता सांगा.

प्रश्न : बेटावर भाड्यानं कार घ्यायची, आपलं लायसन चालतं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आपलं मूळ लायसनही सोबत ठेवा. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची आणि स्टिअरिंग डावीकडं. ऑटोमॅटिक पाहिजे असंल तर आधीच बुक करा, कारण बहुतेक गाड्या गिअरच्याच. डोंगरातले रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, सवय नसंल तर बसच बरी.