काळी माती बरणीत बसत का नाही?

प्रश्न : सातवीच्या वर्गात माती ढवळून थर पाहायचा प्रयोग केला. शेतातली काळी माती घेतली. एका गटाने बोअरचं पाणी वापरलं. त्यांची बरणी अर्ध्या तासात नितळ झाली, पण वाळू, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणीहून जाड कण), चिकण असे थर दिसेनात. दुसऱ्या गटाने कपडे धुण्याची पावडर चमचाभर टाकली होती. त्यांचं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळच. कोणाचं चुकलं?
(विज्ञान शिक्षिका, जि. सोलापूर)

उत्तर : गढूळ बरणीच्या गटाचं बरोबर आहे. चिकणमातीचे कण 0.002 मिमीहून बारीक असतात. पावडरीने ते सुटे होतात आणि सुटे कण दिवसेंदिवस तरंगत राहतात. बोअरच्या जड पाण्यात आणि चुनखडीच्या काळ्या मातीतही कॅल्शियम भरपूर असतं. त्यामुळे हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते पोयट्याच्या, कधी वाळूच्याही वेगाने खाली येतात. पाणी लवकर नितळलं म्हणजे चिकण कमी, असा निष्कर्ष मुलांनी काढला असेल तर तो आधी खोडून काढा. काळ्या मातीच्या बाबतीत तो पार उलटा आहे.

प्रयोग पुन्हा करा, तो असा. माती सावलीत वाळवा आणि ढेकळं लाकडाने हलकेच फोडा. दगडाने कुटलीत तर खडे फुटून वाळू वाढेल. साधारण 2 मिमी छिद्रांच्या चाळणीतून माती चाळा. पिठाची चाळण नको, जाड वाळू तिच्यावरच अडकते. सरळ भिंतींची बरणी घ्या आणि तिचा पाचवा हिस्साच माती भरा. पुस्तकात तिसरा हिस्सा लिहिलेला असतो, पण काळी माती फुगून बरणीभर होते. त्यावर साठवलेलं पावसाचं पाणी आणि सपाट चमचाभर कपडे धुण्याची पावडर घालून रात्रभर भिजवा. (माती परीक्षण प्रयोगशाळेत याच कामाला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात, मिळालं तर तेच उत्तम, फेसाचा त्रासही होत नाही.) सकाळी 10 मिनिटं नेटाने हलवा.

आता वेळ सांभाळायची. तळापासून पाण्याची उंची 10 सेमी ठेवा. खाली ठेवल्यापासून 40 सेकंदांनी गाळ जिथवर आला असेल तिथे पहिली खूण करा : ही वाळू. दुसरी खूण दोन तासांनी करायची पद्धत सर्रास आहे, पण तेवढ्यात बारीक पोयटा वरच राहतो आणि चिकणीत मोजला जातो. 30 अंशांच्या पाण्यात 10 सेमी उतरायला पोयट्याच्या सर्वांत बारीक कणांना साधारण सहा तास लागतात, 20 अंशांना जवळजवळ आठ. म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत 11 वाजता ठेवलेल्या बरणीवर 5 वाजता खूण केलीत की नेमकं जमतं. उंची दुप्पट केली तर वेळही दुप्पट, म्हणून उंच बाटली टाळा.

चिकणीचा थर मात्र मोजून टक्केवारी काढू नका. काळ्या मातीतली चिकण मुख्यतः माँटमोरिलोनाइट या खनिजाची. तिच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, त्यामुळे थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पावसात त्या मिटतात, तेही याच गुणामुळे. बरणीशेजारी एक ताळा ठेवा : ओली माती मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढायची. 5 सेमीहून लांब पट्टी न तुटता निघाली तर ती चिकणमाती.

प्रश्न : आम्ही 9 सेमी व्यासाच्या बाटलीवर 12 सेमी तोंडाचं नरसाळं बसवून पर्जन्यमापक केला. पट्टीने 39 मिमी पाऊस आला, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्रावर मात्र 22. एवढा फरक?
(शिक्षक, जि. सातारा)

उत्तर : पाऊस झेलला 12 सेमीच्या तोंडाने आणि मोजला 9 सेमीच्या बाटलीत. नरसाळ्याचं क्षेत्रफळ 113 चौसेमी आहे, बाटलीचं 63.6. बाटलीत 3.9 सेमी × 63.6, म्हणजे सुमारे 250 मिली पाणी असणार. मिलीला 10 ने गुणून नरसाळ्याच्या क्षेत्रफळाने भागा : 2500 ÷ 113 = 22 मिमी. तुमचा मापक केंद्राशी तंतोतंत जुळतोय! हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर, हे तिथेच पक्कं होतं.

पट्टीनेच मोजायचं असेल तर बाटलीचाच वरचा भाग कापून उलटा बसवा, म्हणजे दोन्ही व्यास सारखे. शीतपेयाच्या बाटलीचा तळ खाचांचा असतो. सरळ भाग सुरू होईपर्यंत आधी पाणी भरा आणि शून्य तिथे धरा. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. नोंद रोज सकाळी 8.30 ला घ्या, हवामान खात्याची वेळ तीच आहे. रविवारचं राहिलं तर सोमवारचा आकडा दोन दिवसांचा म्हणून लिहा. जुळवणी एवढी काटेकोर केल्यावरही वळवाच्या पावसात केंद्राशी मोठा फरक पडेल. तो खरा असतो, खोडू नका.

प्रश्न : मातीची धूप दाखवायच्या तीन बाटल्यांपैकी (उघडी माती, पालापाचोळा, गवत) गवताच्या बाटलीतूनही गढूळ पाणी येतं.
(शिक्षिका, जि. रत्नागिरी)

उत्तर : तुमची रोपं अजून फार कोवळी असतील. गहू दाट पेरून किमान 15 दिवस थांबा, मुळांनी माती धरायला हवी. तिन्ही बाटल्यांत माती सारखीच दाबा, उतार एकच ठेवा आणि झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीतून प्रत्येकी 500 मिली पाणी एकाच उंचीवरून शिंपडा. धार धरलीत तर गवताखालचीही माती उखडते.