ऑथेल्लो करणाऱ्या पोरास

बाबू,

तालमीचा व्हिडिओ पाहिला. आवाज जबरदस्त आहे तुझा, त्यात वाद नाही, पण पहिल्या प्रवेशापासूनच तू डोळे वटारून बोलून राहिला न, ते खटकलं मला. शेक्सपिअरच्या नाटकातला हा व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो म्हणजे संशयी नवरा असं धरूनच तू उभा राहिला. अरे, सुरुवातीला तो संशयी नाहीच ना बाप्पा!

पहिला अंक नीट वाच. पोरगी डेस्डेमोनानं याच्याशी चोरून लग्न केलं म्हणून रात्री सासरा माणसं घेऊन येतो, तलवारी उपसलेल्या, अन् हा म्हणतो तलवारी म्यान करा, दवानं गंजतील. बस्स, आवाज चढवत नाही. मग दरबारात आधी म्हणतो मला गोड बोलता येत नाही, अन् लगेच लढाया, गुलामी, वाळवंटं असं काही रंगवून सांगतो की खुद्द व्हेनिसचा प्रमुख, ड्यूक म्हणतो माझी पोरगीपण भाळली असती. लांब, भरलेली वाक्यं, कुठं घाई नाही. ही शांती आधी कमावली नाही तर पुढं मोडायला तुझ्याजवळ राहील काय?

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात जीव ओत. इयागो, याच्याच हाताखालचा कपटी माणूस, डेस्डेमोनाचं कॅसिओ नावाच्या अधिकाऱ्याशी जमलं असं याच्या डोक्यात भरवतो, पण काही सिद्ध करत नाही, अर्धवट बोलतो, यानं विचारलेला शब्दच याला परत देतो, बाकीचं हाच मनात भरत जातो. रुमालाचंच बघ. याचं डोकं दुखतं म्हणून डेस्डेमोना बांधायला जाते, हा म्हणतो छोटा आहे, राहू दे, तो खाली पडतो अन् दोघंही तसेच निघून जातात. तोच इयागोच्या हाती लागतो, अन् कॅसिओजवळ पाहिला म्हणून तो याला सांगतो. अन् पुढच्या प्रवेशात ती बिचारी कॅसिओच्या गेलेल्या नोकरीसाठी शब्द टाकून राहिली, याचं आपलं एकच, रुमाल, रुमाल. एवढा बोलका माणूस एका शब्दावर आला! तिथं ओरडू नको. आपल्या गावात संशयानं पोखरलेला माणूस पाह्यला असशील, तोच एक प्रश्न फिरवून फिरवून विचारत बसते, अन् दरवेळी आवाज अजून खाली जाते.

चौथ्या अंकात तर पद्य सुटून नुसते तुकडे, नाक, कान, ओठ, अन् मिरगी येऊन पडतो. मग व्हेनिसच्या पाहुण्यापुढं बायकोवर हात उचलतो, अन् 'सायप्रसला तुमचं स्वागत' म्हणता म्हणता मधेच 'बोकडं अन् माकडं!' हे शब्द त्याचे नाहीत, इयागोनं तिसऱ्या अंकात कानात घातलेले आहेत. मला हे त्या थापडीपेक्षा भयंकर वाटतं. म्हणून इयागो जेव्हा ते पहिल्यांदा बोलते तेव्हा तू ऐकताना दिसला पाहिजे, पुढच्या डायलॉगची वाट पाहताना नाही.

आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालते, मंडईच्या जत्रेतल्या गर्दीत मागपर्यंत आवाज गेला पाहिजे, टाळ्याही गर्जनेलाच पडतात, हे मी जाणतो. पण आपलं पब्लिक कच्चं नाही, थंडीत शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसते ते काही नुसतं ओरडणं ऐकायला नाही. नाटककार गो. ब. देवलांनी १८९० साली हेच नाटक 'झुंजारराव' म्हणून मराठीत आणलं, मिळालं तर तेही वाच.

शेवटी मरायच्या आधी त्याची लांब वाक्यं परत येतात, अलेप्पो शहरात मारलेल्या तुर्काची गोष्ट सांगता सांगताच तो स्वतःला भोसकतो. तिथं रडायचं नाही, दरबारातलाच आवाज लाव. पुढच्या खेपी वडस्याला येशील तेव्हा इयागोवाल्या पोट्ट्यालाही घेऊन ये, तिसऱ्या अंकाचा तो तिसरा प्रवेश आधी बसूनच म्हणून पाहू, हातवारे बंद.