हिमबिबट्या बघायला निघालास? आधी भरल (हिमालयातली रानमेंढी) शोध

भावा, कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर, लेह ३,५०० वर. विमानातून उतरल्यावर २ दिवस नुसता आराम कर. पहिल्याच दिवशी चढलास तर डोकं धरून बसशील. लेहजवळच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात जानेवारी ते मार्चमध्ये जा. भरल खाली उतरतात, त्यांच्या मागं हिमबिबट्या. थेट त्याला शोधू नकोस, खडकात तो दिसतच नाही. पहाटे आणि सांजेला भरलांचा कळप बघत बस. सगळे एकाच दिशेला टक लावून ताठ उभे राहिले की दुर्बीण तिकडं वळव. बर्फातल्या ठशात नखं उमटली असतील तर तो लांडगा किंवा कुत्रा. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेव, थंडीत पटकन उतरतात. तांबडा-पांढरा तिथं नाही, थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) पी.